लहान मूल घेऊन मलेशियात : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही क्वालालंपूरला राहायला आलो तेव्हा लेक सात महिन्यांची होती. आता ती चार वर्षांची आहे. दर सुट्टीच्या आधी पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून फोन येतात. कुणी आठवडाभर फिरायला येत असतं, कुणाची इकडे बदली झालेली असते, आणि बहुतेकांच्या कडेवर एखादं मूल असतं. प्रश्नही तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

कोणत्या महिन्यात यावं? उन्हाळा कधी असतो?

आपल्यासारखे तीन ऋतू इथे नाहीत. देश विषुववृत्ताला लागून आहे, त्यामुळे बाराही महिने दुपारी तिशीच्या वर पारा आणि मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट हवा. म्हणून महिना कोणता यापेक्षा दिवसाचा वेळ कोणता, हे जास्त बघा. मूल बरोबर असेल तर सगळी सहल त्यावरच ठरते.

इथे सूर्य वर्षभर सकाळी सात-सव्वासातला उगवतो आणि संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान मावळतो. १ जानेवारी १९८२ रोजी क्वालालंपूर ज्या मलय द्वीपकल्पावर आहे तिथली घड्याळं अर्धा तास पुढे केली गेली, समुद्रापलीकडच्या साबा आणि सारावाक या मलेशियाच्याच राज्यांशी वेळ जुळावी म्हणून. तेव्हापासून इथली सकाळ उशिरा आणि संध्याकाळ लांबलेली. हे मुलांच्या फार सोयीचं आहे. आमचं वेळापत्रक असं: आठला बाहेर, अकराच्या आत घरी, जेवण, झोप आणि साडेपाचला पुन्हा बाहेर. साडेपाच ते सव्वासात हा इथला खरा खेळायचा वेळ. अकरा ते चार या वेळात मोकळ्यावर फिरवू नका. पहिल्या वर्षी पाहुण्यांच्या आग्रहाखातर आम्ही भर बाराला प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. मूल रडून रडून लाल झालं आणि हत्तीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हता.

पाऊस बहुतेकदा दुपारी तीननंतर येतो, तोही विजांसह, दणकून. तास-दीड तासात ओसरतो. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे जवळजवळ रोजचं असतं. रेडांग, पेरहेंतियान, तिओमान ही पूर्व किनाऱ्याची बेटं मनात असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळा. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो आणि बरीचशी हॉटेलं बंद असतात. लंकावी आणि पेनांग पश्चिमेला आहेत, तिथे त्या काळात जाता येतं.

काही वर्षी जुलै ते ऑक्टोबरमध्ये धुरकं पसरतं, त्याला इथे ‘जेरेबू’ म्हणतात. हवेचा सरकारी निर्देशांक रोज जाहीर होतो. तो १०० च्या वर गेला की आम्ही बागेचा बेत रद्द करतो.

व्हिसा लागतो का?

डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंतच्या भेटीला व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करा. येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे, आणि बाळाचंही वेगळं भरावं लागतं.

पाच-सहा दिवसांत क्वालालंपूर, गेंटिंगचं थंड हवेचं ठिकाण, लंकावी आणि पेनांग होईल ना?

मोठ्या माणसांचं होईल, मुलाचं होणार नाही. क्वालालंपूरचे तीन दिवस आणि दुसरं एकच ठिकाण, एवढ्यावर थांबा. समुद्र हवा असेल तर लंकावी. गल्ल्या, खाणं आणि डोंगर हवा असेल तर पेनांग. तिथे डोंगरावर केबलने ओढली जाणारी रेल्वे जाते. हा मार्ग शंभर वर्षांहून जुना आहे, डबे मात्र आता नवे आहेत. उभ्या चढावर गाडी तिरकी होऊन वर सरकायला लागली की मुलं श्वास रोखून बघतात. पेनांगला विमानाने न जाता क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत रेल्वेने जावं आणि पुढे फेरीबोटीने जॉर्ज टाउन गाठावं, असं मी सुचवेन. चार तासांहून थोडा जास्त प्रवास आहे, पण मूल डब्यात चालू शकतं, खिडकीतून भातशेतं दिसतात, आणि बोट ही वेगळी मौज.

क्वालालंपूरमध्ये मुलांना सगळ्यात जास्त काय आवडतं?

तिकिटाच्या जागा तुम्हाला कुणीही सांगेल. मत्स्यालय छान आहे. त्यातल्या ९० मीटरच्या बोगद्यात डोक्यावरून शार्क जातात, आणि भर दुपारी जायला ती योग्य जागा आहे. पण आमच्या घरातलं मत विचाराल तर पहिला नंबर एलआरटीचा, म्हणजे शहरातल्या हलक्या मेट्रोचा.

केलाना जया मार्गावरच्या गाड्यांना चालक नसतो, त्यामुळे सगळ्यात पुढची काच प्रवाशांसाठी मोकळी असते. मूल तिथे उभं राहतं आणि समोरचे रूळ अंगावर येत असल्यासारखे दिसतात. पासार सेनी स्थानकापर्यंत गाडी उंचावरून जाते, खाली क्लांग नदी, मग एकदम बोगद्यात शिरते आणि मस्जिद जामेक येतं. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्यांचा संगम तिथेच आहे. ‘क्वालालंपूर’ म्हणजे चिखलाचा संगम, ते नाव याच जागेवरून आलं. आम्ही कित्येक शनिवारी काहीही ‘बघायला’ न जाता फक्त गाडीत बसून टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. गर्दीच्या वेळा सोडून जा, म्हणजे पुढची जागा मिळते.

दुसरा नंबर पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या केएलसीसी बागेचा. ४५२ मीटर उंचीचे ते मनोरे मुलं एकदा मान वर करून बघतात आणि पळतात ते खालच्या उथळ तळ्याकडे. पन्नास एकरांची ही बाग ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी आखली. खेळण्यांचा मोठा भाग आणि पाण्यात खेळायची जागा दोन्ही मोफत. सुके कपडे घेऊनच जा. ‘आज पाण्यात जायचं नाही’ असं बजावून नेलेलं एकही मूल मी कोरडं परतलेलं पाहिलेलं नाही.

तिसरी, पेर्दाना बॉटॅनिकल गार्डन. ही १८८८ सालची. तिच्या शेजारीच पक्षी उद्यान आहे, सुमारे २१ एकरांवर जाळी टाकून आत पक्षी मोकळे सोडलेले. धनेश डोक्यावरून उडत जातो तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. पण पेर्दानामधली माझी आवडती जागा त्याहून छोटी आहे: हरणांचं कुंपण. तिथे ‘कांचिल’ असतो, सशाएवढं हरीण. सह्याद्रीतल्या पिसोरीच्या कुळातलं. मलय लोककथांमधला हुशार प्राणी म्हणजे हाच, सांग कांचिल. नदी ओलांडायची असते, पाण्यात मगरी. तो त्यांना सांगतो, राजाने मेजवानी ठेवली आहे, तुमची मोजदाद करायची आहे, ओळीने उभ्या राहा. मग एक, दोन, तीन असं मोजत त्यांच्या पाठींवरून उड्या मारत पलीकडे. आपल्या माकड-मगरीच्या गोष्टीवर वाढलेल्या मुलाला हे लगेच उमगतं. कुंपणापाशी उभं राहून गोष्ट सांगा आणि मगच आत प्राणी शोधायला लावा.

तळ्याकाठच्या बागांमध्ये घोरपडी दिसतील, चांगल्या हातभर, कधी त्याहून मोठ्या. त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. मुलाचा हात धरा, लांबून बघा, खायला टाकू नका.

बातू केव्ज मुलाला घेऊन जमतं का?

जमतं, पण सकाळी लवकर. हे गुहांमधलं हिंदू देवस्थान, वर जायला २७२ पायऱ्या आहेत. मूल निम्म्यात ‘उचलून घे’ म्हणणार, हे धरून चाला. पायथ्याची मुरुगन स्वामींची (आपला कार्तिकेय) सोनेरी मूर्ती ४२.७ मीटर उंच आहे, २००६ साली उभी राहिली, तिच्या पावलांशी उभं राहून लेकीने विचारलं होतं, “यांना आंघोळ कोण घालतं?” माकडं धीट आहेत. हातात केळं, बिस्किट, प्लास्टिकची पिशवी काही नको, दुधाची बाटलीसुद्धा बॅगेत आणि बॅग पुढे. ज्यांना चढवत नाही अशा आजी-आजोबांसाठी खालच्या पातळीवर रामायण गुहा आहे, तिथे तिकीट असतं. केटीएम कोम्युटर ही लोकल गाडी थेट गुहांच्या दारात सोडते. थाईपूसमच्या, म्हणजे मुरुगनच्या उत्सवाच्या, दिवसांत मात्र तान्हं मूल नेऊ नका. श्रद्धेचा तो सोहळा थोर आहे, पण गर्दी पंढरीच्या आषाढीची असते.

स्ट्रोलर आणावा का?

मॉल, विमानतळ, एमआरटी (मेट्रो) यांसाठी हो. रस्त्यासाठी नाही. फुटपाथ मध्येच संपतात, त्यावर मोटारसायकली उभ्या असतात, कडेला उघडी खोल गटारं असतात. आम्ही घडीचा हलका स्ट्रोलर आणि बाळाला बांधायचं कॅरिअर दोन्ही नेतो. मॉलमध्ये बाळाला पाजायला, लंगोट बदलायला स्वतंत्र खोली असते, ‘बिलिक बायी’ अशी पाटी शोधा. आणि मुलासाठी एक स्वेटर ठेवाच. बाहेर घाम, आत एसीचा गारठा, यानेच सर्दी धरते. स्वच्छतागृहांत पाण्याचा पाइप बहुतेक ठिकाणी असतो, त्यामुळे आपली अडचण होत नाही. फरशी मात्र ओली असते, मुलाच्या पायात पकड असलेली चप्पल हवी.

कार सीट सक्तीची आहे का?

खासगी गाडीत १ जानेवारी २०२० पासून आहे. टॅक्सी आणि ग्रॅबसारख्या अ‍ॅपवरून बोलावायच्या गाड्यांना सूट आहे. कायद्याने सूट असली तरी इथले महामार्ग वेगाचे आहेत, तेव्हा लांबच्या प्रवासाला सीट भाड्याने घ्या किंवा सोबत आणा. हे मी आग्रहाने सांगते.

आम्ही शाकाहारी आहोत, मूल तिखट खात नाही. काय खायला द्यायचं?

याची काळजी सगळ्यांना असते आणि आल्यावर दोन दिवसांत मिटते. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खाणावळ, कोपऱ्याकोपऱ्यावर, बऱ्याच चोवीस तास उघड्या. तिथे ‘रोटी कोसोंग’ मागा. कोसोंग म्हणजे रिकामं: आत अंडं नाही, कांदा नाही, फक्त पदर सुटलेली रोटी. अंडं अजिबात चालत नसेल तर पिठात घालता का, तेवढं विचारा. लेक ती साखरेशी खाते. सोबतच्या वाटीत डाळ येते, पण कधी त्यावरच माशाची करी ओतून देतात, म्हणून ‘फक्त डाल’ हे आधी सांगायचं. साध्या पाण्याला ‘आयर कोसोंग’ म्हणतात. पेयांत साखर भरपूर असते. ‘कुरांग मानिस’, म्हणजे गोड कमी, हे दोन शब्द पाठ करा. ‘ताक पेदास’ म्हणजे तिखट नको.

शाकाहाराच्या बाबतीत दोन गोष्टी लपून बसतात. एक ‘बेलाचान’, कोळंबीचा आंबवलेला गोळा, तो भाजीत आणि चटणीत असतो. दुसरी ‘इकान बिलिस’, सुके बारके मासे, ते नासी लेमाकवर (नारळाच्या दुधातला भात) आणि परतलेल्या भातावर पेरलेले असतात. नुसतं ‘भाजी’ मागून चालत नाही, ही नावं घेऊन ‘नको’ म्हणा. ब्रिकफील्ड्स या क्वालालंपूरच्या भारतीय वस्तीत केळीच्या पानावर भात वाढणारी शाकाहारी हॉटेलं आहेत. इडली, थोसाई (डोसा), दही मिळतं. दह्याला इथे ‘ताइरु’ म्हणतात, किराणा दुकानातही डबा मिळतो. दहीभाताने भागलं नाही असं एकही मूल आमच्याकडे उतरलेलं नाही.

आणि कुईह! हे राहून जाऊ देऊ नका. तांदूळ, नारळ आणि ताडगूळ यांचे मलय गोड पदार्थ, सकाळच्या बाजारात टेबल मांडून विकतात. ‘कुईह कोची’ केळीच्या पानात बांधून वाफवतात आणि आत नारळ-गुळाचं सारण. ‘कुईह केतायाप’ म्हणजे पांदानच्या पानाने हिरवं झालेलं पातळ धिरडं, आत तेच सारण. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या मोदकाचं सारण!” लेकीसाठी ते तेव्हापासून ‘हिरवे मोदक’ आहेत. पांदान म्हणजे काय, हे कोकणात वासावरून ओळखतील, आपली आंबेमोहरासारखा वास देणारी अन्नपूर्णा.

लोक मुलाला हात लावतात, गाल ओढतात. काय करावं?

इथली माणसं मुलांवर जीव टाकतात. हॉटेलातला वाढपी, लिफ्टमधल्या आज्या, पहारेकरी, सगळे मुलाला ‘आदिक’ म्हणतात, म्हणजे धाकटं भावंडं. “चोमेलन्या!” म्हणजे “किती गोड!” हे दिवसातून दहा वेळा ऐकाल. “वय किती?” हा पुढचा प्रश्न. मुलाने उलट बोलावंसं वाटत असेल तर तरुण मुलीला ‘काकाक’, तरुण पुरुषाला ‘आबांग’, वयस्क बाईंना ‘माकचिक’ आणि पुरुषांना ‘पाकचिक’ म्हणायला शिकवा. आपल्या ताई-दादा-मावशी-काकांसारखंच आहे, आणि ते ऐकून समोरचा माणूस विरघळतो. स्पर्श नको असेल तर मूल उचलून घ्या आणि हसून ‘लाजते’ म्हणा, कुणी राग धरत नाही. आमच्या इमारतीच्या पाकचिकने लेकीला चालायला लागल्यापासून रोज सलाम ठोकला आहे. ती आजारी असली की तो खाली विचारतो.

एका दिवसात जाऊन येण्यासारखं शहराबाहेर काय आहे?

क्वाला सेलांगोर. दुपारची झोप लांबवा आणि चारच्या सुमारास निघा. आधी मलावती टेकडी: तिथे चंदेरी वानरं असतात, शांत स्वभावाची, आणि त्यांची पिल्लं चक्क केशरी रंगाची. काळ्या-राखाडी आईच्या पोटाशी केशरी पिल्लू बघून मोठी माणसंसुद्धा मुलांसारखी ओरडतात. अंधार पडला की कांपोंग क्वांतानला काजवे. वल्हवायची लाकडी होडी, लाइफ जॅकेट, आणि नदीकाठच्या बेरेंबांगच्या झाडांवर लुकलुकणारे हजारो जीव. इंजिनाचा आवाज नाही. मोबाइलचा प्रकाश नको, फ्लॅश तर मुळीच नको. ज्यांनी जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजवे पाहिलेत त्यांना ओळखीचं वाटेल, फरक एवढाच की इथे ते बाराही महिने दिसतात. पाऊस आणि पौर्णिमा टाळा. परतीला मूल गाडीत झोपणार, हे गृहीत.

दुसरं, केपोंगचं वनसंशोधन संस्थेचं जंगल. कथील खणून ओसाड झालेल्या जमिनीवर १९२० च्या दशकापासून माणसांनी लावलेलं, आज घनदाट. २०२५ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. सकाळी आठला जा. तिथे कापूर नावाचीच झाडं आहेत. मान वर करून बघा: शेंडे एकमेकांना टेकत नाहीत, मधून आकाशाच्या भेगा दिसतात. आपल्याकडचा भीमसेनी कापूर मुळात याच जातीच्या झाडाचा. आरतीतला कापूर कुठून यायचा, हे मुलाला झाडाखाली उभं राहून सांगता येतं, याचा मला दर वेळी आनंद होतो.

डास, ताप, दवाखाना?

डेंगी इथे वर्षभर असतो. पहाटे आणि संध्याकाळी खेळायला जाताना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मुलांना चालणारं डासांचं मलम. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, वजनानुसार. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा मूल पाणी पिईनासं झालं, लघवी कमी झाली, तर थांबू नका. खासगी क्लिनिक जवळपास प्रत्येक वस्तीत असतं. आपत्कालीन क्रमांक ९९९. प्रवास-विमा काढूनच या.

इथे राहायला आलो तर पाळणाघराचं काय?

चार वर्षांच्या आतल्या मुलांचं पाळणाघर म्हणजे ‘तास्का’, पुढची बालवाडी म्हणजे ‘तादिका’. नोंदणी आहे का, हे विचारा. पहिल्या वर्षात हात-पाय-तोंडाला फोड येणारा आजार बहुतेक मुलांना होतो, आमच्याकडेही आला. आठवडाभर थंड ताक आणि मऊ भात यावर काढला. अशा वेळी मुलाला घरीच ठेवायचं.

मराठी टिकते का?

टिकवली तर टिकते. लेक मित्रांशी इंग्रजी-मलय मिसळून बोलते. घरात “आई, जोम!” म्हणजे चल. “लागी!” म्हणजे अजून. नको असलं की “ताक नाक”. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर हे ऐकून आजीने विचारलं होतं, “ताक नाकात गेलं का गं?”

मी मलय शब्द तोडत नाही, उलट जोडते. ‘सिंगा’ म्हणजे सिंह, ‘गाजाह’ म्हणजे गज, ‘मुका’ म्हणजे मुख, ‘वार्ना’ म्हणजे वर्ण, ‘बहासा’ म्हणजे भाषा. १९६३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पाट्या वाचत फिरलो की दोन्ही भाषांची उजळणी होते. भारताची वेळ अडीच तास मागे आहे, म्हणून आजीशी बोलायची आमची वेळ संध्याकाळी साडेसात. तिकडे पाच वाजलेले असतात आणि तिचा चहा चालू असतो. रोज एक गोष्ट, एवढा नेम आहे.

सणवार?

हरी रायाला, म्हणजे ईदला, शेजारी घरी बोलावतात, मुलांच्या हातात पैशाचं छोटं पाकीट ठेवतात. मुलाने दोन्ही हातांनी घ्यावं, तिथेच उघडू नये. चिनी नववर्षाला सिंहनृत्याचे ढोल फार जोरात असतात, तान्ह्या मुलाला मागे उभं करा. दिवाळीत मॉलमध्ये मोठमोठे कोलम घालतात, आपल्या रांगोळीचे भाऊबंद. गणपतीच्या दिवसांत आम्ही शहरातल्या कोर्ट हिलच्या श्री गणेशाच्या देवळात जातो, आणि मराठी कुटुंबं मिळून घरी आरती करतो.

पाऊस लागून राहिला तर मुलाला घेऊन काय करता?

मॉल हा सोपा मार्ग आहे, पण आम्ही बहुतेकदा घरीच थांबतो. बाराव्या मजल्याच्या बाल्कनीचं दार लावून आत बसतो आणि वीज चमकली की गडगडाटापर्यंत अंक मोजतो. ती आता वीसपर्यंत न चुकता मोजते. पाऊस उणावला की खालच्या झाडावर कोकीळ ओरडायला लागतो, तोच आपल्याकडचा. साडेपाचला खाली मुलांचे आवाज येतात आणि चपला घालायची घाई सुरू होते. तेवढ्यासाठी पिशवीत एक जुना पंचा कायम ठेवा, घसरगुंडी पुसायला.